कुकाबाईंचं आठ रेआलचं नाणं

सामारिपा मास्तर शाळेतून निवृत्त झाले तेव्हा आमच्या रेआल दे कातोर्सेत, मेक्सिकोच्या डोंगरातल्या या जुन्या चांदीच्या खाणीच्या गावात, माणसांपेक्षा पडकी घरं जास्त होती. बायको वारलेली, मुलगी मोंतेर्रेला. चांदीची जुनी नाणी जमवायची, एवढाच त्यांचा नाद. साकातेकास, ग्वानाख्वातो, आलामोस, सगळ्या टांकसाळींची आठ रेआलची नाणी त्यांच्याकडे होती; रेआल हे तेव्हाचं चलन. आपल्याच गावचं तेवढं नव्हतं. शे-दीडशे वर्षांपूर्वी आमची टांकसाळ जेमतेम काही महिने चालली. तिचं नाणं कुठून मिळणार?

ते सापडलं डोंगराखालच्या सेद्राल गावात, विधवा कुकाबाईंकडे. लग्नात रिवाजाप्रमाणे नवऱ्याने ओंजळीत ओतलेल्या तेरा नाण्यांपैकी उरलेलं एक. किरणं फाकलेल्या टोपीच्या चित्राखाली आमच्या टांकसाळीची खूण.

"विकणार नाही," कुकाबाई म्हणाल्या. "बघायला मात्र कधीही या."

मास्तर दर रविवारी जायला लागले. गावात शिरायच्या बोगद्याच्या तोंडाशी माझी गोर्दितांची गाडी आहे; चिचारोन, म्हणजे डुकराची तळलेली कातडी, असलं सारण भरलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्या. तिथूनच ते बस धरायचे.

"काय मास्तर, शर्टाला इस्त्री? नाण्यासाठी का नाणेवालीसाठी?" मी विचारायचे.

"गप गं, चेला. दोन चिचारोनच्या बांध."

दोन म्हणजे एक कुकाबाईंची. तिथे दालचिनीची कॉफी व्हायची, नाणं टेबलावर असायचं, आणि पुढेपुढे मास्तर त्याच्याकडे बघायलाही विसरायचे. सहा वर्षं असं चाललं.

मग फेब्रुवारीत कुकाबाई गेल्या. मास्तर पोचले तेव्हा भाची ओरालिया अंत्यदर्शनासाठी घर आवरत होती.

"हे माझ्या हातात ठेवून मला पुरा, असं मावशी सांगून गेलीय," ती नाणं दाखवत म्हणाली. "तुम्ही जाणकार आहात. किमती असेल तर कशाला मातीत घालायचं? तुम्ही घेता का?"

मास्तरांनी नाणं उलटंसुलटं केलं. चाळीस वर्षं शोधलेली वस्तू तळहातावर होती.

"साधंच आहे, पोरी," ते म्हणाले. "तिचं तिला दे."

त्यांनीच ते कुकाबाईंच्या मुठीत ठेवलं. बोटं मिटत नव्हती, म्हणून वरून जपमाळ गुंडाळली.

हे मला त्यांनी कितीतरी दिवसांनी सांगितलं.

"खोटं बोललात की हो," मी म्हटलं.

"आयुष्यात एकदाच." मग बसच्या वाटेकडे बघत, "चेला, रविवारी काय करतात गं माणसं?"

त्यांना मी गाडीमागे स्टूल दिलं. ते वारा अंगावर घेत बसून राहिले आणि संध्याकाळी एकटेच चढण चढून घरी गेले.