जावयासाठी न थांबलेली गाडी

नवी गाडी घेतली की शहाणा माणूस महिनाभर तरी नातेवाइकांना सांगत नाही. मी त्याच दिवशी फोटो टाकला. संध्याकाळी राळेगाव तालुक्यातून मामांचा फोन आला, "वैशाली, येत्या रविवारी आपल्या प्रशिकचं लगन आहे. तुझी गाडी नवरदेवाची." विचारलं नव्हतं, कळवलं होतं. आमच्याकडे नव्या गाडीतून पहिली वरात कोणाची निघणार, हे गाडी घेणाऱ्यानं ठरवायचं नसतंच.

इतकी वर्षं या ब्लॉगवर मी दुसऱ्यांच्या गाड्यांची उणीदुणी काढली. ही माझी स्वतःची. दिसायला साधी हॅचबॅक, पण पोटात टर्बो इंजिन, शून्य ते शंभर सात सेकंदांच्या आत, आणि नाकावर रडार. समोर माणूस आला की ती आपणहून ब्रेक मारते. अशी गाडी कोणी वरातीला देतं का? मी नाही म्हणणार होते. तेवढ्यात नवरदेवाचाच फोन आला, हळू आवाजात.

प्रशिक माझा मामेभाऊ, एसटीत ड्रायव्हर. म्हणाला, "ताई, नवरदेव मागं बसते हे मले माहीत आहे. पण वापस येताना एकदा मले चालवू देशील काय? नऊ वर्षं झाले एसटी चालवून राह्यलो. लॉक असते ना तिले, साठ-पासष्टच्या वर काटा जात नाही. एकदा शंभर पाहाचे आहेत, आपल्या पायानं."

झालं. त्या 'आपल्या पायानं'पुढे माझं काही चाललं नाही. ठरलं असं, की लग्नाचं जेवण आटोपून उजेड असतानाच निघायचं, मामा वऱ्हाडाच्या बसमध्ये बसतील आणि चौपदरी रस्त्यावर स्टिअरिंग प्रशिकच्या हाती. मामा गाडीत असले तर जमणार नव्हतं, कारण त्यांच्या मते चाळीसच्या वर गाडी जाते ती फक्त दवाखान्यात.

शनिवारी सकाळी नागपूर सोडलं. नवरा नितीन घरीच राहिला, त्याच्या कमरेला माझी गाडी मानवत नाही. बुटीबोरी, वर्धा, देवळी, कळंब असा सरळ रस्ता आहे, जायचं असेल त्यांनी बिनधास्त जावं. सिमेंटचा असल्यामुळे रुंद टायरांचा आवाज मात्र आत फार येतो. पेट्रोल आणि टोल मिळून, उमरखेडपर्यंत, म्हणजे नवरीच्या गावापर्यंत, जाऊन परत यायला साडेसहा हजार धरा. कळंबला आलूबोंडा आणि वरून तर्री खाल्ली. ती खाल्ल्यावर लगेच स्टिअरिंगला हात लावू नका, डोळे पुसायला वेळ ठेवा.

कळंबहून आत वळलं की गाव तिथे गतिरोधक, आणि प्रत्येक गावानं आपापल्या अंदाजानं बांधलेला. दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. माझ्या गाडीचं पोट जमिनीपासून वीतभर वर, त्यामुळे दर गतिरोधकाला मी जीव मुठीत धरून तिरकी चढत होते. मागून एक सायकलवाला आला, पुढे गेला, पुढच्या गतिरोधकावर माझी वाट पाहत थांबला. "निघते का?" त्यानं विचारलं आणि मी निघाल्यावरच गेला.

मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली. आत बसले, मग मला हात धरून उठवायला लावलं.

"बसाले खाली जा लागते आन् उठाले माणूस लागते," ते म्हणाले. "किती लोकं बसतात?"

"चार. फार तर पाच."

"येवढ्या पैशात चौदा बसतात अशी गाडी आली असती." मी स्पोर्ट मोड लावून एक्झॉस्टचा आवाज ऐकवला. मामा गंभीर झाले. "सायलेन्सर फुटला दिसते. राळेगावले मिस्त्री आहे, सकाळी लावून देते."

रविवारी उमरखेडला निघालो. मामा वऱ्हाडासोबत पुढे गेले होते. मागच्या सीटवर पांढऱ्या कुर्त्यात प्रशिक एकटा. ड्रायव्हर माणूस मागे बसला की काय होतं ते मी पाहिलं. प्रत्येक वळणाला त्याचा पाय माझ्या सीटखाली ब्रेक शोधत होता. यवतमाळ ओलांडल्यावर गाडीनं पडद्यावर कॉफीच्या कपाचं चित्र दाखवलं, थकलात का, विश्रांती घ्या. प्रशिक पुढे वाकून पाहत राहिला. "मले असं आजवर फक्त आईनं इचारलं," म्हणाला.

आर्णीच्या पुढे एक एसटी लागली. मी इंडिकेटर दिला, तर मागून खांद्यावर हात.

"ताई, त्याले ओव्हरटेक नको करू. आपल्या डेपोचा आहे. वाईट दिसते."

म्हणून तुम्हाला सांगते, शून्य ते शंभर सात सेकंदांत जाणारी गाडी मी महागावपर्यंत एसटीच्या मागे साठनं नेली. मध्ये एका थांब्यावर एसटी थांबली, आम्हीही थांबलो. एक आजी पिशवी घेऊन माझ्या दाराशी आली. तिला पुढची गाडी दाखवली.

उमरखेडात वऱ्हाडाचा मुक्काम, म्हणजे आमचा जानोसा, एका शाळेत होता. तिथून मंगल कार्यालय जेमतेम एक किलोमीटर. मामेबहिणींनी गाडीला झेंडूच्या माळा घातल्या, मागच्या काचेवर थर्माकोलची नावं लावली, आणि वरात निघाली.

निघाली आणि थांबली. बँडवाल्याच्या पोटासमोर रडारनं कचकन ब्रेक मारला, आत घंटी वाजली, नाक खाली गेलं. पुन्हा चार पावलं, पुन्हा ब्रेक. मी ती सोय पडद्यावर जाऊन बंद केली. पण मामा माझ्या शेजारी बसलेले. वरात नाचायला थांबली की ते पेट्रोल वाचवायला बटण दाबून इंजिनच बंद करायचे, आणि इंजिन पुन्हा चालू केलं की गाडीला आपली शुद्ध परत यायची, बंद केलेली सोय पुन्हा चालू. कंपनीनं थांबल्यावर इंजिन बंद होण्याची सोय दिलीच आहे, पण मामा त्याच्याही आधीचं मॉडेल.

कोणाच्या तरी लक्षात आलं की ही गाडी आपणहून थांबते, पुढे येणाऱ्यासमोर नाक खाली करते. मग काय विचारता. "गाडी नमस्कार करते," म्हणत एकेक जण नाचत समोर यायला लागला. काकासाठी थांबली. व्याह्यांसाठी थांबली. मधे आलेल्या कुत्र्यासाठीही थांबली. बँडवाल्यांनी आतली घंटी हेरली आणि ताशा तिच्या तालावर धरला. मी खिडकीतून हात जोडून सांगत होते की अहो, हे अपघात टाळायला आहे, पण ऐकतं कोण. शेवटी बँडमास्तर भारावला. "माणसाचा मान ठेवते हो गाडी," म्हणाला आणि आपल्या गळ्यातला जाड हार काढून त्यानं गाडीच्या नाकावर घातला. बरोबर रडारवर.

गाडी आंधळी झाली. पडद्यावर तशी सूचनाही आली. आणि नेमके त्याच वेळी मोठे जावई पुढे आले.

मोठे जावई म्हणजे प्रशिकच्या थोरल्या बहिणीचे यजमान, रमेश भाऊजी. सफारी सूट, हात पसरलेले, समोरून कोणी तरी व्हिडिओ काढतंय. गाडी थांबली नाही. मी पायानं ब्रेक मारला, हातभर अंतर राहिलं. इजा काही नाही. पण घंटी वाजली नाही, म्हणजे थांबवलं मी, गाडीनं नाही, हे भाऊजींनी हेरलं होतं.

मोबाइलच्या दुकानासमोर खुर्ची होती, भाऊजी तिच्यावर जाऊन बसले. त्यांच्या शेजारी त्यांची बायको बसली. बँड बंद पडला.

"सगळ्यांसाठी थांबली," भाऊजी म्हणाले. "बँडवाल्यासाठी थांबली. माझ्यासाठी नाही."

मी त्यांना रडार समजावून सांगितला, हार दाखवला. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमच्या गाडीले कुत्रा दिसते, जावई दिसत नाही."

"हार काढते ना भाऊजी. या पुन्हा समोर."

"मागून देल्लेला मान मले नाही पाहिजे."

मामांनी समजावलं, मुलीकडचे येऊन गेले. ऊन उतरायला लागलं. कार्यालयात बौद्धाचार्य वाट पाहत बसले होते. मी मागे वळून पाहिलं तर प्रशिक आभाळाकडे बघत होता. उशीर झाला की अंधार, आणि अंधारात लेक-सून परत जाणार म्हटलं की मामा आमच्याच गाडीत बसणार. त्याचे शंभर तिथे दुकानासमोरच हातचे चालले होते. मला भाऊजींचा असा राग आला की काय सांगू.

प्रशिक खाली उतरला. माझं दार उघडलं. "ताई, सरक."

"अबे, नवरदेव ड्रायव्हर होते काय?" मामा ओरडले.

"बाबा, मी ड्रायव्हरच आहो."

त्यानं सीट एसटीसारखी उंच केली, पाठ ताठ केली. गाडी मागे घेतली, हळू पुढे आणली आणि भाऊजींच्या खुर्चीसमोर अशी उभी केली की आतली पाण्याची बाटलीसुद्धा हलली नाही. उतरला, हात जोडले.

"भाऊजी, गाडीले दिसत नसल. मले दिसता. चला."

भाऊजींनी सूट नीट केला. मग उठले. "पुढं बसीन," म्हणाले. मामा मागे माझ्याशेजारी आले आणि वरात नवरदेवानं स्वतः चालवत कार्यालयात नेली. वंदना झाली, पंचशील झालं, सुजाता आमच्या घरची झाली. जेवणात वांग्याची भाजी, वरण-भात आणि बुंदी, वांग्यासाठी मी पुन्हा उमरखेडला जाईन. खूश झालेल्या भाऊजींनीच मामांना हाताला धरून बसमध्ये बसवलं.

निघालो तेव्हा सूर्य अजून होता. रस्ता रिकामा. प्रशिक चालवतोय, मी शेजारी, सुजाता मागे. पन्नास. साठ. साठच.

"दाब ना आता," मी म्हटलं.

"दाबून राह्यलो ताई. पाय जात नाही."

खरंच जात नव्हता. साठला आला की पाय आपोआप हलका व्हायचा. गाडीत लॉक नव्हतं, ते त्याच्या पायातच बसलं होतं. एक टेम्पो आम्हाला मागे टाकून गेला. प्रशिकचं तोंड एवढंसं झालं.

मागून सुजाता म्हणाली, "तुमचा पाय दबत नसला तर मी चालवू का? बाबाचा ट्रॅक्टर चालवते, लायसन आहे माझं."

पाय दबला. ऐंशी, नव्वद, आणि शंभर. प्रशिकनं आकडा पाहिला, त्याचे डोळे भरले. माझेही भरले, लपवू कशाला. मग पाय पुन्हा साठवर आला आणि तो मोठ्यानं हसत सुटला.

"झालं ना?" सुजाता म्हणाली. "आता उतरा. माझी पाळी."

सोमवारी नागपूरला पोचले. गाडीच्या पोटाला दोन ओरखडे, एसीच्या जाळीतून अजून झेंडूच्या पाकळ्या येतात. परीक्षण लिहायला बसले तर लिहिण्यासारखं एकच होतं, ब्रेक उत्तम आहेत.

रात्री नितीन गाडी आत लावायला बसला. सीटच्या जागा लक्षात ठेवणारी तीन बटणं आहेत, पहिलं माझं. त्यानं दुसरं दाबलं तर सीट वर उचलली गेली, पाठ ताठ झाली, डोकं छताला लागलं.

"हे कोण?"

"प्रशिक."

तिसरं दाबलं. सीट पुढे गेली, आणखी पुढे गेली, त्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकले.

"आणि ही?"

"सुजाता."

"तिचीही सीट ठेवलीस? ती किती पळवणार गाडी?"

"पुढच्या वेळी मागे बसून बघ," मी म्हटलं. "तिच्या पायाला लॉक नाही."