वाइल्ड कुठंय, दाखवा

वन्यतेची ओढ ही माणसाची सर्वांत आदिम ओढ आहे. मुलुंडमध्ये ती सध्या दोन आणि तीन बेडरूममध्ये उपलब्ध आहे. डोंगराच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक टॉवरच्या नावात फॉरेस्ट, वाइल्ड किंवा विल्डरनेस यांपैकी काहीतरी असतं आणि गच्चीवर पोहण्याचा तलाव. आमच्या जुन्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या गायकवाड मॅडम बाजारात जाताना या फलकांसमोर थांबत, मोठ्याने वाचत आणि बरोबर जो असेल त्याला विचारत, "कुठंय? बोट दाखव."

बोट दाखवणं ही त्यांची शिकवण्याची पद्धत होती. पालिकेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं ते एकाच नियमावर: जो शब्द तोंडातून काढायचा, ती वस्तू बोटाने दाखवायची. दाखवता आली नाही तर शब्द परत घ्यायचा. टेबल, खिडकी, डस्टर इथपर्यंत हा नियम कोणालाही पटतो. मॅडम तो 'प्रोग्रेस'लाही लावत, त्यामुळे हेडमास्तरांशी त्यांचं फारसं जमलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी इमारतीमागच्या मोकळ्या पट्टीत, झाडांच्या सावलीत, दुपारचा वर्ग सुरू केला. आसपास घरकाम करणाऱ्या बायका कामं आटोपून तिथे सतरंजीवर बसत. मॅडमचं घर एक खोली आणि स्वयंपाकघर, तिथे एवढ्या जणी मावल्या नसत्या. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय आणि मालकिणीने मोबाइलवर काय पाठवलंय, ते आपलं आपल्याला वाचता यावं, एवढ्यासाठी त्या येत. पण वर्ग मन लावून चाले.

इंग्रजीतल्या रानटीपणाच्या शब्दांवर मॅडमचं विशेष लक्ष असे. वरच्या मजल्यावरची श्रावणी एकदा जिन्यात म्हणाली, "मॅडम, कालची पार्टी काय वाइल्ड झाली!"

"दाखव बघू."

श्रावणीने मोबाइलवर फोटो दाखवले. मॅडमनी चष्मा लावून ते नीट पाहिले. "हा केक. हा पिझ्झा. हा तुझा मामा जांभई देतोय. वाइल्ड कुठंय गं?"

मग एके सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर खळबळ उडाली. 'वाइल्ड बीस्ट इंट्रूडर!' आवारात बिबट्या आला होता. डोंगराच्या कडेला राहतो आम्ही, तो येणारच. पण आमच्याकडे आता कॅमेरा होता. सगळे वॉचमनच्या केबिनमध्ये जमून चित्रीकरण बघत होते. बिबट्या गेटमधून आला, गुलमोहराखाली जरा बसला, पाय चाटले आणि गेटमधूनच निघून गेला. मॅडम म्हणाल्या, "कुरिअरवाल्यापेक्षा शांत आहे. रजिस्टरमध्ये सही केली नाही, एवढंच."

त्यांच्या व्याख्या कुठल्याही शब्दकोशात सापडणार नाहीत. "स्ट्रे म्हणजे ज्याला घर नाही. फेरल म्हणजे ज्याला आपण घराबाहेर काढलं आणि आता त्यालाच भितो. वाइल्ड म्हणजे ज्याचा मालक आपल्याला अजून भेटलेला नाही." आणि विल्डरनेस? "ज्याला चौरस फुटामागे जास्तीचा भाव मिळतो ते."

हे सगळं गमतीचं नव्हतं. एका रविवारी बुद्धविहारातून परतताना मी त्यांना विचारलं, शब्दांवर एवढा डोळा का? सहज बोलून गेल्या, "हिंगोलीकडे आमच्या शाळेतल्या बाई आमच्या वस्तीतल्या पोरांना जंगली म्हणायच्या. मी घरी येऊन आरशात बघितलं. जंगली काही दिसेना. वेणी होती, रिबीन होती. तेव्हापासून मी विचारते, कुठंय?"

आणि मग पार्किंगचा प्रश्न आला.

सोसायटीचे चेअरमन सावंत. वडील गिरणीत, मूळ गाव कुडाळकडे, स्वतः दोन गाड्यांचे मालक. नव्या कमिटीने ठरवलं की मागची पट्टी साफ करून तिथे दुमजली पार्किंग करायचं. झाडं तोडण्याच्या परवानगीसाठी त्यांनी आर्किटेक्टकडून झकास इंग्रजीत अर्ज लिहून घेतला. पट्टीत 'वाइल्ड ग्रोथ' माजली असून तिचं काही मूल्य नाही, असं त्यात होतं. सर्वसाधारण सभेत अर्ज वाचला गेला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंग्रजी चांगलं होतं.

मॅडम उठल्या. "सावंत, झाडं गेली तर वर्ग कुठे घेऊ?"

"टेरेसवर घ्या ना, मॅडम."

"मे महिन्यात? भर दुपारी?"

"मग ऑनलाइन घ्या."

मॅडम खाली बसल्या. वर्गातल्या बायकांकडे घरटी एकच मोबाइल होता आणि दुपारी तो नवऱ्याच्या खिशात असे. वर्ग बंद झाला तर पुन्हा उभा राहणार नव्हता, हे त्यांना कळत होतं.

उद्यान खात्याचा निरीक्षक पाहणीला आला तो नेमका वर्गाच्या वेळी. तरुण मुलगा, हातात हेल्मेट, मागे इमारतीतली बघी मंडळी. सावंतांनी हात गोल फिरवला. "हे सगळं वाइल्ड ग्रोथ, साहेब."

सतरंजीवरून मॅडम म्हणाल्या, "असा हात फिरवू नका. बोट दाखवा."

"काय मॅडम, मी काय तुमचा विद्यार्थी आहे?"

"नाही. विद्यार्थ्यांना मी अरे-तुरे करते."

निरीक्षक हसला आणि म्हणाला, "दाखवा ना सर. मलाही एकेका झाडाचं नाव लागतंच."

सावंतांनी पहिल्या झाडाकडे बोट केलं. शेवगा. सावंतांकडे स्वयंपाक करणारी सुनंदा सतरंजीवरूनच म्हणाली, "दादा, परवा तुमच्या आमटीत याच्याच शेंगा होत्या. मीच टाकल्या." पुढचं झाड कढीलिंबाचं, फोडणीसाठी रोज त्याचीच पानं नेणाऱ्या, मागे उभ्या असलेल्या बायका एकदम बोलायला लागल्या. सावंत घाईने पुढे सरकले. तिसरं झाड उंबराचं. "हे बघा!" ते विजयाने ओरडले. "हे कोणीच लावलेलं नाही. हे खरं वाइल्ड!"

"कबूल," मॅडम म्हणाल्या. "खाली दिवा कोणाचा?"

दिवा सावंतवहिनींचा होता. दर गुरुवारी लावत. निरीक्षकाने हेल्मेट बगलेत धरून उंबराला नमस्कार केला आणि उंबराचं नाव लिहिलंच नाही.

राहिला कोपऱ्यातला फणस. सावंतांचं बोट अर्ध्यावर आलं आणि थांबलं. मग चेअरमनची भाषा गेली आणि घरची मालवणी आली. "तो माझ्या बापाशीन लावलेलो. गावासून आठळी घेवन इल्लो."

मॅडमनी हळू आवाजात विचारलं, "मग अर्जात वाइल्ड कसं लिहिलंत, सावंत?"

"अर्ज इंग्रजीत होता ना, मॅडम. मराठीत त्याला जंगली म्हणालो असतो तर आई तिसऱ्या मजल्यावरून लाटणं घेऊन खाली आली असती."

सावंतांनी अर्ज तिथल्या तिथे मागे घेतला. सतरंजीवर टाळ्यांचा कडकडाट झाला. या टाळ्या सभेतल्यापेक्षा मोठ्या होत्या. महिन्याभरात सावंतांनी स्वतः उभं राहून फणसाभोवती विटांचा पार बांधून घेतला, वर्गाला फळा दिला आणि उद्घाटनाच्या भाषणात हा पार म्हणजे आपला वारसा असल्याचं सांगितलं. कोणता वारसा, हे मॅडमनी विचारलं नाही. मोठ्या मनाच्या होत्या.

गेल्या वर्षी मॅडम मुलीकडे नाशिकला राहायला गेल्या. वर्ग सुनंदा घेते, आणि नव्या बायकांना बोट दाखवायला लावते. यंदा फणस भरपूर लागला. पहिला पिकलेला फणस सावंतांनी स्वतःच्या गाडीत घालून नाशिकला नेला आणि मॅडमच्या दारात ठेवून आले. संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला. "मॅडम, कसा होता?"

"शेजाऱ्यांना देऊन टाकला, सावंत. फणसाच्या वासाने मला लहानपणापासून मळमळतं."