एक कणही न ठेवणारे नाना

काचवाल्या नानांना एका गोष्टीचा भारी गर्व होता, आणि ती ते दिसेल त्याला ऐकवायचे: त्यांनी काच बसवली की मागे एक कण सापडणार नाही. तान्हं मूल रांगायला सोडा खुशाल! आधी झाडायचं, मग ओल्या फडक्यानं फरशी टिपायची, मगच नव्या काचेला हात लावायचा. तीस वर्षांत हा क्रम कधी चुकला नाही.

तोंडही तसंच, थांबायचं नाव नाही. बाजारातून मोर्चा गेला की चहाच्या टपरीवर यांचं सुरू. "घोषणा त्यांच्या, धंदा माझा! मोर्चा म्हणजे काय, तर काच!" लोक खो खो हसायचे. मोर्चा कशासाठी होता, हे नानांनी कधी विचारलं नाही. रिकामटेकड्यांचे उद्योग म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मुलगी प्राथमिक शाळेत शिकवायची, ती मात्र चिडायची. "बाबा, तुम्हाला फक्त फुटलेलं दिसतं."

"मग न फुटलेल्यासाठी मला कोण बोलावतं गं?"

त्या दिवशीचा मोर्चा शाळा बंद करण्याविरुद्ध होता. बंद होणाऱ्यांत तिचीही शाळा होती. ती जाणार म्हणून सकाळी बापलेकीची चांगलीच जुंपली होती.

चार वाजता चपलांच्या दुकानाच्या मालकाचा फोन आला. दर्शनी काच गेली होती. नाना पोचले तेव्हा रस्त्यावर सामसूम. मालक तावातावानं म्हणाला, "बघा नाना, शिकल्यासवरल्या बायका, आणि दगड मारतात!"

नाना झाडायला वाकले आणि हात थबकला. दुकानात जेमतेम चार तुकडे. बाकी सगळा सडा बाहेर, फुटपाथवर. दगड तर कुठेच नाही. आत, काचेलगत, लोखंडी शिडी आडवी पडलेली. मोर्चा येतोय म्हणून कुणीतरी घाबरून सामान आवरायला धावलं असणार आणि शिडी काचेवर गेली असणार. काच आतून फुटलीय, हे नानांना कुणी शिकवायला नको होतं. पण आपण कशाला नाक खुपसायचं? गिऱ्हाईक जुनं.

"दुसरं कोण फोडणार?" असं म्हणून त्यांनी सगळे तुकडे गोणीत भरले आणि कचऱ्याच्या गाडीत टाकले. मग फरशी टिपली, काच बसवली.

घरी आले तर बायको दारातच. "अहो, पोरीला पोलिसांनी नेलंय! चपलांच्या दुकानाची काच फोडली म्हणे."

 नाना आले तसे चौकीकडे पळाले.

मुलगी बाकावर बसली होती. उजव्या हाताला गुंडाळलेला रुमाल रक्तानं भिजला होता. "हाताला काच लागलीय, आणखी काय पुरावा हवा?" अधिकारी म्हणाले.

"साहेब, ती बाहेर उभी होती म्हणूनच लागली! काच आतून फुटलीय. तुकडे सगळे बाहेर पडले होते."

"कुठे आहेत?"

"मी... झाडले."

"एखादा तरी राहिला असेल?"

नानांनी नकारार्थी मान हलवली. अधिकाऱ्यांनी एक कागद पुढे सरकवला. "मालकानं लिहून दिलंय, काचवालाही हेच म्हणाला. तो काचवाला तुम्हीच ना? आणि आता पोटची पोर अडकली, तेव्हा आतून फुटली होय?"

मुलगी त्यांच्याकडे बघत होती. "बाबा, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

नाही म्हणायचं होतं, पण तोंडून निघालं, "हो."

"माझ्या जागी दुसरी कुणी असती, तर आत्ता इथे आला असता?"

नानांना जन्मात वाटली नव्हती इतकी लाज वाटली. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी खिशातला बारीक चिमटा काढला, तिच्यापुढे उकिडवे बसले आणि रुमाल सोडला. अंगठ्याच्या खाली, मांसात रुतलेला एक तुकडा दिसत होता. त्यांनी चिमटा पुढे नेला.

तिनं हात मागे घेतला.

"राहू द्या, बाबा. डॉक्टरांना काढू द्या, कसा रुतलाय ते लिहून घेऊन. तेवढाच उरलाय."