आधी तुम्ही, हाजीआगा

"आवं पन तुमी म्हनलासा तरी काय तिला?"

"मी काय म्हननार? 'चहाखाना तुजाच हाय, बाय,' एवढंच म्हनलो."

"आन ती?"

"ती म्हनली, 'बरं झालं, मग बुधवारी संध्याकाळी येतो आम्ही.'"

"आन हाजीला काय म्हनलासा?"

मश्दी बरातालीनं चहाचा पेला फडक्यानं पुसला, उजेडात धरला, परत पुसला. "हाजीआगाला बी त्येच."

"त्येच म्हंजी?"

"म्हंजी, चहाखाना तुमचाच हाय."

"मग?"

"त्यो बी बुधवारीच येतोय."

त्याच्या बायकोनं, गुलअंदामनं, हरभरे पाखडायचं सूप मांडीवरून खाली ठेवलं. "तुमच्या तोंडाला टाकं घालाया पायजेत," ती म्हणाली. "घोंगडी शिवायच्या सुईनं."

दर्रेबीदच्या चढाला, सडकेच्या वळणावर मश्दीचा चहाखाना. छप्पर हाजी कुदरतचं, चहाचं पाणी उकळणारा समोवार मश्दीचा आणि गिऱ्हाईक अल्लाचं. आत बसायला चार लाकडी तख्त, तख्तांवर विटलेल्या सतरंज्या, भिंतीला धूर. गावात एवढी मोठी खोली दुसरी मशिदीचीच, आणि मुल्लानं दोन्हीकडच्यांना आधीच सांगितलं होतं, की नमाजाच्या जागी मला कोंबडझुंज नको.

कारण तो महिना झुंजीचा होता. जर्दाळू पिवळे पडत होते आणि देशाला राष्ट्राध्यक्ष निवडायचा होता. एकजण खुर्चीत होताच आणि आणखी चार वर्षं मला बसू द्या म्हणत होता. मोठा करडा गडी. बायांच्या डोक्यावरच्या रुमालापासून पोरांच्या गाण्यांपर्यंत सगळ्याला वेसण घालायला निघालेला. दुसरा म्हणत होता, वेसण जरा सैल करा, जनावरसुद्धा मान हलवल्याशिवाय चरत नाही. गावानं दोघांची नावं कधीच टाकून दिली होती. पहिला 'बसलेला', दुसरा 'उठवणारा'. बसलेल्याचा गावातला माणूस म्हणजे हाजी कुदरत. पंचायतीचा म्होरक्या, दोन ट्रॅक्टर, पांढरी दाढी. उठवणाऱ्याची बाजू धरली होती शाळेतल्या फरंगीसबाईनं. ती गुलअंदामच्या मेलेल्या बहिणीची लेक, गुलअंदामच्याच चुलीपाशी वाढलेली.

आता मश्दीविषयी. हा माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला 'नाही' हा शब्द फुटत नव्हता. तोंडदेखला आग्रह, ज्याला तारुफ म्हणतात, तो तर इथं सगळेच करतात. गिऱ्हाईक पैसे काढतं, दुकानदार म्हणतो, "राहू द्या हो, त्यात काय!" गिऱ्हाईक तीनदा पुढं करतं, दुकानदार दोनदा मागं सारतो आणि तिसऱ्यांदा घेतो. कुणाचं काही जात नाही आणि दोघांचा मान राहतो. पण मश्दी असा आग्रह करायचा, की समोरच्याला खरंच वाटायचं. एकदा एका ट्रकवाल्यानं त्याच्या रेडिओला बरं म्हटलं. मश्दी म्हणाला, "तुमचाच समजा." गडी परमुलखातला, तो तसंच समजला. रेडिओ बगलेत मारला आणि गेला. तेव्हापासून चहाखान्यात जगाच्या बातम्या लोकांच्या तोंडूनच यायच्या, आणि त्यात मीठमसाला भरपूर असायचा.

त्याचं लग्नसुद्धा असंच झालेलं. तरुणपणी तो दोस्ताबरोबर पोरगी बघायला गेला होता. पोरगी दोस्तासाठी. पोरीचा बाप रीतीनं म्हणाला, "पोर तुमची दासी समजा." दोस्त गप्प बसला, कारण त्याच्या तोंडात काकडी होती. मग समोरच्याचा अपमान नको म्हणून मश्दी म्हणाला, "डोळ्यांवर," म्हणजे कबूल. झालं. दोस्तानं काकडी गिळेपर्यंत गुलअंदामचा बाप मिठाई मागवून बसला होता.

"मलाबी तारुफातच उचलून आनलंत," गुलअंदाम म्हणायची, "निदान माज्या नावानं एकदा तरी कुनाला न्हाई म्हना."

तर बुधवार जवळ आला. मतदान शुक्रवारी. गुरुवारी सकाळपासून सगळ्यांची तोंडं कायद्यानं बंद. म्हणजे बोलायला बुधवारची संध्याकाळच शेवटची. सोमवारी हाजी स्वतः आला, तख्ताच्या कडेला टेकला, खडीसाखरेचा खडा दातात धरून चहा प्याला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मश्दी, ऐकतो की मास्तरीनबाय बी येनार हाय."

"आता आल्या तर हाजीआगा..."

"येऊ दे की. दार उघडं हाय. पन एक ध्यानात ठेव. हे छप्पर माज्या बापानं घातलंय. ह्याच्याखाली तिनं त्या उठवणाऱ्याचं भाषान ठोकलं, तर शनवारी तुजा समोवार उचल आन दुसरं छप्पर हुडक."

"डोळ्यांवर, हाजीआगा," मश्दी म्हणाला. जीभ वळायच्या आधीच सवय बोलून गेली.

घरी त्यानं हे सांगितलं. गुलअंदामनं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मग काय करनार?"

"फरंगीसला सांगावं म्हनतो, की बाय, तू आपली..."

"सांगा. जरूर सांगा. आन मग त्या समोवारासंगं माजी बी पेटी उचला. आई नसलेली पोर हाय ती. तिला तुमच्या दारातनं माघारी लावलीत, तर मी बी माघारीच."

मश्दीला दोन रात्री झोप नाही. एकीकडं छप्पर, एकीकडं घर. म्हातारपणी समोवार डोक्यावर घेऊन तो सडकेनं चाललाय आणि मागून बायको पेटी घेऊन उलट्या वाटेनं चाललीये, असं चित्र त्याला सारखं दिसायचं. फरंगीसला त्यानं चाचरत विचारून पाहिलं, "बाय, मंगळवार न्हाई का जमनार?"

"मंगळवारी कशाला, मावसोबा? तुम्हीच तर म्हणालात, केव्हाही ये. स्वतःचीच शपथ घातलीत."

"घातली हुती खरी," मश्दी म्हणाला.

बुधवारी दुपारपासून त्यानं समोवार पेटवून ठेवला. दिवस कलला तसा खालच्या आळीतून हाजी आला. मागं त्याची माणसं, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यांतली, हातात बसलेल्याची छायाचित्रं. वरच्या आळीतून फरंगीस आली. तिच्यामागं पोरं, जर्दाळूच्या बागेतले मजूर आणि बाया. चहाखान्याच्या उंबऱ्यापर्यंत बाया कधी आल्याच नव्हत्या, म्हणून त्या सगळीकडं बघत होत्या. चहाखान्याला एकच दार आणि तेही अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल असं, ठेंगणं. हाजीला तर वाकूनच शिरावं लागायचं.

दोघं एकदमच दारापाशी पोचले.

मश्दी दारात ताटलीत पेले घेऊन उभा. त्याच्या तोंडातून नेहमीचंच निघालं, "या या, हाजीआगा, आत या."

हाजीनं पाय उचलला. तेवढ्यात त्याला दिसलं, की समोर गाव उभं आहे, मतं उभी आहेत, आणि शेजारी जिनं त्याच्या नातवाला अक्षरओळख करून दिली ती मास्तरीण उभी आहे. अशा बाईला कोपरानं बाजूला सारून आत घुसलेला माणूस उद्या बायांची मतं कुठल्या तोंडानं मागणार? पाय परत खाली आला.

"आधी बाई," हाजी म्हणाला आणि छातीवर हात ठेवला.

फरंगीसही काही कालची नव्हती. हाजीची माणसं गावभर सांगत होती, की उठवणाऱ्याच्या पोरींना वडीलधाऱ्यांची लाज नाही. पांढऱ्या दाढीच्या आधी आत शिरणं म्हणजे त्यांच्या हातात आयता दगड देणं. "छे छे, हाजीआगा," ती दोन पावलं मागं सरली, "तुमच्या दाढीपुढं मी? आधी तुम्ही."

"न्हाई न्हाई. तुमी पाव्हन्या."

"तुम्ही थोरले."

"तुमी गुरू."

"तुमच्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. माझ्या मावशीची शपथ."

"आन तुमच्या आधी मी गेलो, तर दाढी उतरवीन."

मश्दीनं एकदा ह्याच्याकडं, एकदा तिच्याकडं पाहिलं. आणि जन्मभर ज्या खोडीपायी बोलणी खाल्ली, ती आज कामाची आहे हे त्याला उमजलं.

"हाजीआगा," तो म्हणाला, "बाय बोलती त्ये खरं. गावात तुमच्या आधी कोन आत जाईल? कुनाची छाती हाय?"

हाजीला ते पटलं. तो वाकू लागला.

"पन," मश्दी लगेच फरंगीसकडं वळला, "बाय, हाजीआगाचं मन बी थोर. आपल्या नातवाच्या गुरूला मागं ठिवून ते आत गेलं, तर रातभर झोप यायची न्हाई त्यास्नी. खरं का न्हाई, हाजीआगा?"

हाजी परत ताठ झाला. "यायची न्हाई," तो म्हणाला. दुसरं म्हणणार काय?

"मग मी जाते," फरंगीस म्हणाली.

"जा की बाय, जा! आता लोक म्हनतील, म्हाताऱ्याला उन्हात ठिवलं, पन लोकांचं काय..."

फरंगीस थांबली.

असं चाललं. मश्दीनं चहा बाहेरच फिरवला, कारण पाहुण्यांना उभ्यानं कोरडं कसं ठेवायचं? मग लोक बांधावर बसले, दगडांवर बसले, हाजीची माणसं फरंगीसच्या मजुरांशेजारी उकिडवी बसली. मधूनच कुणी ओरडे, "हाजीआगा, डोकं वाकवा आन घुसा!" की दुसरीकडून, "बाई, तुम्हीच जा, आमी बघत न्हाई!" जो तो हसत होता.

आणि चहा पोटात गेल्यावर माणूस बोलतोच. हाजी पेला हातात घेऊन म्हणाला, "बघा लोकहो, बायांचा मान आमीच राखतो. बसलेल्याच्या राज्यात बाई पुढं, गडी मागं."

"दारापुरता मान नको, हाजीआगा," फरंगीस म्हणाली. "दारातून आत गेल्यावर काय? माझ्या शाळेतल्या पोरींना सायकल चालवू देत नाहीत, तो कुठला मान?"

"सायकलीवरनं पोरी पडत्यात. गुडगं फुटत्यात."

"आन पोरांचं गुडगं लोखंडाचं हायत व्हय?" बायांतून एक म्हातारी बोलली. सगळी वळणाची सडक हसली. हाजीच्या माणसांपैकीही दोघं हसले आणि मग छायाचित्रानं तोंड झाकून बसले.

झालं, दोन्ही भाषणं तिथंच सडकेवर सुटली. महागाई, नोकऱ्या, रुमाल, गाणी, पाणी, सगळं निघालं. मध्येच दोघांना दाराची आठवण व्हायची, मग "आधी तुम्ही" "छे, आधी तुमी" एकदा व्हायचं आणि परत महागाई. शेवटी मगरिबची, दिवेलागणीच्या नमाजाची, बांग झाली. हाजीला मशिदीत पहिल्या ओळीत उभं राहणं भाग होतं. बायांना चुली होत्या. गर्दी पांगली. मश्दी आत गेला. झाडलेल्या सतरंज्या जशाच्या तशा, खडीसाखरेच्या वाट्या भरलेल्या. मधल्या तख्तावर एक मांजर तेवढं झोपलं होतं.

शुक्रवारी शाळेत मतदान. 'कुणाला देणार' असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मश्दीनं "तुमच्याच मानसाला" म्हणून सांगितलं होतं, म्हणजे दोघांनाही दोन-दोनशे वेळा. आडोशाला चिठ्ठी आणि पेन घेऊन तो उभा राहिला. नाव हातानं लिहायचं. आणि त्याला जरा चमत्कारिक वाटलं, कारण समोर कुणीच नव्हतं. राग येणारं कुणी नाही, मान राखायला कुणी नाही, 'डोळ्यांवर' म्हणायला कुणी नाही. जन्मात पहिल्यांदा त्याला स्वतःलाच विचारावं लागलं, की बाबा, तुला काय पाहिजे. तो इतका वेळ उभा राहिला, की बाहेरचा अधिकारी खोकला. मग त्यानं एक नाव लिहिलं, सावकाश, घट्ट दाबून, आणि चिठ्ठीची चौघडी केली.

"कुनाला?" घरी गुलअंदामनं विचारलं.

"तुज्याच मानसाला."

"माजा मानूस कोन ते तरी ठाऊक हाय का?"

ह्यावर मश्दी हसला. नाव मात्र त्यानं कुणालाही सांगितलं नाही.

देशाचा निकाल काय लागायचा तो लागला, तो देश बघून घेईल. मश्दीचा निकाल शनिवारी सकाळी लागायचा होता. गुलअंदामनं पेटी बाहेर काढली नव्हती, पण चावी कमरेला होती. हाजी आला. पहिल्या तख्तावर बसला.

"मश्दी, बुधवारी माज्या छपराखाली कोन बोललं?"

"कुनी न्हाई, हाजीआगा."

"ती?"

"ती सडकेवर."

"आन मी?"

"तुमी बी सडकेवर. सडक सरकारी."

"माज्याच दुकानाच्या दारात तू मला उभा क्येलास."

"तोबा, हाजीआगा! मी तर या या म्हनत हुतो. साऱ्या गावानं ऐकलं."

शेजारच्या तख्तावरून एक मजूर बोलला, "पन काय मन हाय तुमचं, हाजीआगा! आमच्या घरात तीन दिस तुमचंच नाव. बायकू म्हनती, शिका जरा हाजीकडनं, बाईला पुढं कसं घालायचं त्ये."

आणखी दोघांनी माना हलवल्या. हाजीनं दाढी कुरवाळली. राग होता, पण एवढ्या कौतुकात रागाला बसायला जागाच नव्हती. त्यानं चहा संपवला. मग उठला, दारापाशी गेला, वाकला, बाहेर पडला, आणि परत तसाच वाकून आत डोकावला.

"मश्दी."

"हुकूम, हाजीआगा."

"समोवार ऱ्हाऊ दे हितंच. पन गवंडी धाडतो. ह्ये दार दोन मानसं एकदम जातील एवढं रुंद करून घे."

"डोळ्यांवर," मश्दी म्हणाला.

तेवढ्यात वळणावर एक बस थांबली आणि धुळीनं माखलेली माणसं उतरू लागली. मश्दीनं उष्टे पेले गोळा केले, समोवारात पाणी ओतलं आणि पेले विसळायला बसला.