टाकी लावलेली फरशी

माझा थोरला भाऊ गवंडी, त्यातही फरशीचा. चाळीस वर्षं लोकांच्या घरी अशी फरशी बसवली की तिच्यात बघून भांग पाडावा. स्वतःच्या घरात मात्र खडबडीत दगड. सोबतचे कारागीर टिंगल करायचे, तर म्हणायचा, "कोतवालाला विचारा."

कोतवाल म्हणजे त्याचा कुत्रा, चौदा वर्षांचा. वर्षभरापासून त्याचं मागचं धड लुळं पडत चाललं होतं. पंजे उलटे पडायचे, नखं घासायची. दादा त्याच्या पोटाखालून रुंद पट्टा घालायचा, मागचा भार उचलायचा आणि दिवसातून दहादा दारापर्यंत चालवून आणायचा. जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, चालतोय तोवर चालवा, एकदा बसला की पाय गेले. दगड खडबडीत, म्हणून नखं धरायची आणि गडी उभा राहायचा.

अशात माझा भाचा, दादाचा मुलगा, तोही त्याच धंद्यातला, माझ्याकडे आला. "आत्या, बाबांना आठ दिवस तुझ्याकडे ठेवून घे. घरात नवी फरशी घालतोय, त्यांना आत्ता सांगायचं नाही. कोतवालाचं मी बघतो." मला मेलीला काय भरून आलं! पोराला बापाची कदर आहे, म्हटलं. मी एकटीच राहते, घर मोकळंच. दादाला फोन केला, न्हाणीघर गळतंय, ये.

तो हत्यारांची पिशवी घेऊन आला. फरश्या ठोकून बघितल्या, चार सांधे भरले आणि आठ दिवस राहिला. रोज संध्याकाळी मुलाला फोन. "चालवलंस का?" पलीकडून उत्तर ठरलेलं, "हो बाबा."

नवव्या दिवशी मीही बरोबर गेले, मला दादाचा चेहरा बघायचा होता. दार उघडलं तर पांढरीशुभ्र, घोटीव फरशी. कोपऱ्यातून कोतवालानं दादाला बघितलं, पुढचे पाय टेकले आणि मागचे दोन्ही फाकत गेले. पुन्हा उठायला गेला, पुन्हा फाकले. मग पोटावर सरपटत आला.

"मी मुद्दामच घातली," भाचा म्हणाला. निदान मान खाली घालून तरी बोलायचं. "तुमची कंबर मोडत चालली होती, बाबा. तो बसल्याशिवाय तुम्ही ऐकलं नसतं." आठ दिवसांत पट्टा खुंटीवरून निघालाच नव्हता.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मला पुढं करून या कार्ट्यानं बापाचा गळा कापला होता, आणि मी शहाणी त्याचं कौतुक करत बसले होते.

दादानं पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला आणि कोपऱ्यापासून दारापर्यंत हातभर रुंद वाट टोचत गेला, जात्याला टाकी लावतात तशी. सगळी दुपार त्यात गेली. भाचा बघत राहिला, थांबवायची त्याची छाती झाली नाही.

मग दादानं पट्टा घातला, भार उचलला. कोतवालानं पुढचे पाय टाकले. मागचे नुसते ओढत आले, पंज्यांची सालं निघाली. दादानं तीनदा करून बघितलं.

मी पट्ट्याचं दुसरं टोक धरायला गेले.

"राहू दे," दादा म्हणाला. "तुझं न्हाणीघर गळत नव्हतं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. वाटलं, एकटीला करमत नसेल. म्हणून राहिलो."