नुसते ओठ हलव

आमच्या पुण्यातल्या घरमालकांइतका गाण्यावर जीव टाकणारा आणि गाणाऱ्यांचा जीव खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी सारी नोकरी एका मराठी शाळेत गाणं शिकवण्यात घालवली होती; तेही साठ-साठ मुलांनी एका श्वासात म्हणायची देशभक्तीची समूहगीतं. निवृत्त झाले तरी हात ताल धरायचाच. कुकरची शिट्टी खाली आली की "पट्टी सोडली" म्हणून स्वयंपाकघराकडे रागाने बघायचे. दूधवाल्याने दोनदा बेल वाजवली, तर दुसऱ्यांदा लय चुकली हे दार उघडून त्याला सांगायचे. हिंजवडीला नोकरी लागल्यावर मी त्यांच्याकडे खोली बघायला गेलो, तेव्हा त्यांनी ना कंपनी विचारली, ना गाव. विचारलं, "शाळेत झेंडावंदनाला कितव्या ओळीत उभे राहायचात?" मी खरं ते सांगितलं. शेवटच्या. आमच्या गुरुजींनी बजावलं होतं, "तू नुसते ओठ हलव." गुरुजींवर माझा राग नाही. त्यांनी गणित शिकवलं म्हणून तर मी घरातला पहिला पदवीधर झालो. घरमालकांचा ताल धरलेला हात थांबला. मग म्हणाले, "म्हणजे तुमचं गाणं शिल्लक आहे. सामान आणा."

त्यांच्या वर्गात बेसूर मूल पहिल्या ओळीत, पेटीजवळ उभं राहायचं. त्यामुळे स्पर्धेत बक्षीस कधी मिळालं नाही. एका परीक्षकाने कारण विचारलं, तर म्हणाले, "देशात बेसूर माणसं राहत नाहीत का? आपण कुठे असता?" हे सांगताना ते हसत. मला माझी आई आठवे. तिचा देश एसटीच्या शेवटच्या थांब्यापाशी संपत होता. पण शाळेच्या कुंपणाबाहेर उभी राहून मुलांचं गाणं ऐकताना ती पदराने डोळे पुसायची. मीही त्यात गातोय असं तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं.

पुढे घरमालकांची ती शाळा इंग्रजी माध्यमाची झाली आणि गाण्याच्या खोलीत कॉम्प्युटर आले. घरमालक त्यांना शिव्या देत, तेव्हा मला हो म्हणता येईना. माझं पोट त्या कॉम्प्युटरवरच होतं. एका जुलैत ते मुख्याध्यापिकेकडे गेले. ती त्यांचीच विद्यार्थिनी. मुलांचा रोजचा अर्धा तास मागितला, महिनाभर. मरण्याआधी एकदा मुलांचा आवाज ऐकायचाय, असंही म्हणाले. ती अदबीने म्हणाली, "सर, मुलांना क्लास असतात. आम्ही गाण्याचा तयार ट्रॅक मागवलाय. मुलं ओठ हलवतील, छान दिसतं." त्या दिवशी घरी कुकरने पट्टी सोडली, तरी त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलंही नाही.

पंधरा ऑगस्टला ते मला बरोबर घेऊन गेले. झेंडा फडकला, ट्रॅक सुरू झाला, आणि दुसऱ्या कडव्यात वीज गेली. कर्णा बंद पडला. मुलं मात्र ओठ हलवतच राहिली. पांढऱ्याशुभ्र गणवेशातली साठ तोंडं, आणि आवाज नाही. मुलांना शब्द येत होते. त्यात आवाज मिसळायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मागच्या खुर्चीवरून घरमालक उठले. हात वर करून त्यांनी पहिली ओळ धरली. आवाज पिकलेला, कापरा. मुलं वळून बघू लागली. कुणीतरी हसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गाणं मला पाठ होतं. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि नुसते ओठ हलवले.

तेवढ्यात वीज आली, ट्रॅक पहिल्यापासून लागला, टाळ्या पडल्या. परतताना वाटेत ते एवढंच म्हणाले, "शब्द सगळे येतात हो तुम्हाला."

आता मी वाघोलीला राहतो. ते नाहीत. पंधरा ऑगस्टला सकाळी खाली सोसायटीत ट्रॅक वाजतो, तेव्हा मी स्वयंपाकघरात कुकर लावतो आणि शिट्टीच्या आडून पहिली ओळ म्हणून बघतो. पट्टी सुटते. रागाने बघणारं कुणी नसतं.