वैशालीचे दोन खेळ

माझी बायको दोनदा पॅरालिम्पिकला गेली आणि दोन्ही वेळा पदकाशिवाय परत आली.

गेल्या वर्षी आजच्या दिवशी गेली, ती आलीच नाही.

वैशालीची ओळख पालिकेच्या स्विमिंग पूलवर झाली. मी लातूरकडचा, चाकणला कंपनीत लागलेलो. पाण्याशी संबंध टँकरपुरता. पोहायला शिकावं म्हणून फी भरली आणि कठडा धरून उभा राहिलो.

मागून आवाज आला, "ओ काका, लेन सोडा!"

तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, राव.

काका म्हणणारी मुलगी सपकन पुढे निघून गेली. पलीकडे काठावर चढून बसली तेव्हा दिसलं, तिला डावा पाय गुडघ्यापासून नाही. शाळेत असताना टेम्पोखाली गेला होता.

पुढे आमचंच लग्न झालं. रहाटणीत दोन खोल्या. पहाटे तिला पूलवर सोडायचं आणि तिथूनच कंपनीची बस पकडायची.

पहिलं पॅरालिम्पिक पोहण्याचं. हीटमध्येच, म्हणजे पहिल्याच फेरीत, बाहेर पडली.

बिल्डिंगमधल्या काकूंनी विचारलं, "मग, मेडल?"

ही म्हणाली, "काकू, अजून वय आहे माझं."

मग डावा खांदा गेला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, स्पर्धेचं पोहणं आता बंद.

त्या दिवसांत माझा डबा भरायची आणि खिडकीत जाऊन बसायची. मी समजवायला गेलो की म्हणायची, "तुला नाही कळणार. पाण्यात मला पाय आठवायचाच नाही रे."



शूटिंग शिकवणाऱ्या एका मॅडमनी तिला रेंजवर बोलावलं. ही तयार होईना. "मला एका जागी उभं राहायचं नाहीये."

मॅडम म्हणाल्या, "पिस्तूल एकाच हाताने धरतात. उजवा खांदा शाबूत आहे ना? मग ये."

गेली. सुरुवातीला रोज चिडून घरी यायची. "पाण्यात जोर लावला की पुढे जाता येतं. इथे जोर लावला की सगळं बिघडतं!"

हळूहळू रुळली. घरात कृत्रिम पाय लावून, रिकामा हात समोर धरून, श्वास रोखून उभी राहायची. कुकरच्या शिट्ट्या होत राहायच्या, तिचा हात हलायचा नाही. गॅस मी बंद करायचो.

दुसरं पॅरालिम्पिक शूटिंगचं. थेट फायनल. कंपनीच्या कँटीनमध्ये मोबाईलभोवती आमच्या असेंब्ली लाईनवरचे सगळे जमले होते. शेवटच्या शॉटवर पदक हुकलं.

तिचा फोन आला. मला रडू आवरेना.

"अरे येड्या, रडतोस काय? फायनल खेळले मी!"

मग बारीक आवाजात, "हाताशी आलं होतं रे."

मागच्या पावसाळ्यात ताप आला. डेंग्यू निघाला. ॲडमिट केलं, तरी प्लेटलेट्स पडतच गेल्या.

बेडवर पडल्या पडल्या ती मोबाईलवर व्हीलचेअरवरच्या बायकांचं टेबल टेनिस बघत होती.

"हे जमेल मला. घरी गेल्यावर टेबल कुठे मिळतं ते बघ."

"आधी बरी हो."

"तू आधी हो म्हण."

"हो."

हसली. मोबाईल माझ्या हातात दिला आणि झोपली. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

आपल्या दोन खोल्यांत ते टेबल मावलं नसतं गं.

तरी आणलं असतं मी. पलंग काढून टाकला असता.

जड मनाने निरोप, वैशाली.